रस्त्याकडेच्या झाडांची पाने: धूळ किती, वायू किती आणि तहान किती

प्रश्न पुण्यातल्या एका वाचक ताईंचा आहे. त्यांच्या घरासमोर वर्दळीचा रस्ता आहे, शेजारी मेट्रोचे आणि दोन इमारतींचे काम चालू आहे, आणि कडेला करंज, सप्तपर्णी व रेन ट्री आहेत. डिसेंबरपासून सगळी पाने राखाडी दिसतात. करंजाच्या बऱ्याच पानांच्या कडा करपल्या आहेत. सप्तपर्णीच्या पानांवर फोडांसारख्या गाठी आल्या आहेत. रेन ट्रीखाली उभ्या गाड्यांवर चिकट थेंब पडतात आणि त्याच्या पानांवर काळा थर बसला आहे. हे सगळे हवेच्या प्रदूषणाने झाले का, झाडे मरतील का, टँकर लावून पाने धुऊन घ्यावीत का, आणि नवी झाडे लावायची तर कोणती, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, राखाडी रंग हवेतून आला आहे. करपलेल्या कडांचे कारण बहुधा जमिनीत आहे. गाठी आणि काळा थर किडींमुळे आहेत. एकाच झाडावर ही तिन्ही दुखणी एकत्र दिसतात, म्हणून लोक सगळ्याचा दोष धुराला देतात. मग उपायही चुकतो: पानांवर पाण्याचा फवारा मारला जातो आणि बुंध्याशी असलेले काँक्रीट तसेच राहते.

आधी वायूंबद्दल लिहिते, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत प्रदूषित पान म्हणून जे चित्र असते ते सल्फर डायऑक्साइडचे असते: शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पांढरट किंवा तपकिरी. हा वायू पर्णरंध्रांतून, म्हणजे पानाच्या श्वासाच्या बारीक छिद्रांतून, आत शिरतो, आतल्या ओलाव्यात विरघळून आम्ल तयार करतो आणि हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो. कोळशावर चालणाऱ्या शहरांमध्ये हे सर्रास दिसे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज ६) मानकाचे पेट्रोल-डिझेल आले. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० एवढे खाली आणले गेले. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ते ५० होते. चंद्रपूरसारख्या औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरात किंवा वीटभट्टीच्या वाऱ्याखाली असलेल्या बागेत गंधकाचा विचार आजही करावाच लागतो. उत्तर भारतात भट्ट्यांजवळच्या आंब्यांची फळे टोकाकडून काळी पडतात, तो रोग भट्टीच्या धुरामुळेच होतो. पण पुण्यातल्या वाहत्या रस्त्यावर शिरांमधला भाग पांढरा पडलेले पान दिसले तर मी आधी लोहाची किंवा मॅग्नेशियमची कमतरता तपासते. रस्त्याकडेच्या मातीत सिमेंटचा चुरा आणि राडारोडा मिसळलेला असतो. त्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही.

नायट्रोजनचे ऑक्साइड आपल्या रस्त्यांवर भरपूर आहेत. पण त्यांतला नायट्रोजन थोड्या प्रमाणात पान स्वतःसाठी वापरूनही घेते, त्यामुळे पानावर त्यांची ठळक खूण क्वचितच दिसते. ओझोनची गोष्ट वेगळी आहे. जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. वाहनांचा धूर आणि इतर सेंद्रिय वाफा यांवर कडक ऊन पडले की तो हवेतच तयार होतो. वाहनांतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड हा ओझोन खाऊन टाकतो, म्हणून तो भर चौकापेक्षा शहराबाहेर वाऱ्याच्या दिशेने जास्त सापडतो. न्यूयॉर्क आणि परिसरात कॉटनवुड या झाडाच्या एकाच वाणाची रोपे शहरात आणि ग्रामीण भागात लावून केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहरातली रोपे ग्रामीण रोपांच्या सुमारे दुप्पट वाढली होती आणि फरकाचे मुख्य कारण ग्रामीण भागातला जास्त ओझोन हे निघाले. ओझोनची खूण ओळखायची तर जून झालेली पाने पाहा. पानाच्या वरच्या बाजूला, शिरा सोडून मधल्या भागात, तपकिरी-जांभळे बारीक ठिपके असतात. दुसऱ्या पानाच्या सावलीत झाकला गेलेला तुकडा मात्र स्वच्छ राहतो. खालच्या बाजूला ठिपके आणि जाळी असेल तर तो कोळी (रस शोषणारी अगदी बारीक कीड) किंवा फुलकिडे समजा.

आता धूळ. आपल्या शहरांतल्या पानांचे खरे रोजचे ओझे ते आहे, आणि त्याची मोजणी नीट होत नाही म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

हवेच्या गुणवत्तेचा फलक पीएम १० आणि पीएम २.५ दाखवतो, म्हणजे १० आणि २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण. देशाच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम १० ची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि वार्षिक सरासरीची ६० आहे. याआधी हवेतल्या एकूण तरंगत्या कणांचेही मानक होते, ते २००९ मध्ये वगळले गेले. माणसाच्या फुप्फुसांचा विचार करता ते योग्यच होते, कारण मोठे कण नाकातच अडतात. पानाला नाक नाही. खडी वाहणारे डंपर, उघडा पडलेला खोदकामाचा ढीग, रस्त्याच्या कडेची माती यांतून उडणारे २०, ५०, ८० मायक्रोमीटरचे कण जवळच खाली बसतात, आणि तिथे सर्वांत आधी भेटते ते पान. म्हणून फलकावर हवा ‘मध्यम’ असते तेव्हाही तुमच्या करंजावर बोटाने नाव लिहिता येते. फलक खोटे बोलत नाही. पानावर जे बसते ते तो मोजतच नाही.

ही धूळ पानाचे काय करते? पहिले नुकसान उजेडाचे. थर जाड असेल तर हरितद्रव्यापर्यंत प्रकाश कमी पोचतो आणि अन्न कमी तयार होते. पान जळत नाही, गळतही नाही, दिसायला ठीक असते. पण रोज थोडे कमी कमावते. दुसरे नुकसान उष्णतेचे. काळपट धूळ ऊन शोषते आणि पान तापते. एप्रिलच्या दुपारी आधीच सहनशक्तीच्या कडेला असलेल्या पानाला हे जड जाते. तिसरे नुकसान पर्णरंध्रांचे. बहुतेक रुंद पानांच्या झाडांत ती खालच्या बाजूला असतात आणि साधारण १० ते ३० मायक्रोमीटर लांब असतात. भरड कण त्यांच्या तोंडाशी अडकतात. काही रंध्रे बंद राहतात, तर काही अर्धवट उघडी राहून रात्रीही पाणी गमावतात. काजळीचे कण एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. ते आतच जातात.

एक नुकसान फारसे कोणाला माहीत नसते. धुळीत आणि धुरात ओलावा शोषणारे क्षार असतात: अमोनियमचे सल्फेट, नायट्रेट. रात्रीच्या दमट हवेत ते ओले होतात आणि पानाच्या मेणावरून रंध्राच्या भिंतीपर्यंत पाण्याचा अगदी पातळ पडदा तयार होतो. समईची वात तेल ओढते तसा हा पडदा आतले पाणी बाहेर ओढत राहतो, आणि रंध्र मिटले तरी ते थांबत नाही. म्हणजे हवेच्या प्रदूषणामुळे झाडाची तहान वाढते. वरून तहान वाढलेली आणि खाली मुळांना पाणी नाही, अशी आपल्या बहुतेक रस्त्याकडेच्या झाडांची स्थिती आहे. पानाचे निदान करताना मी हे सूत्र कधी सोडत नाही.

पानावर मेणाचा जो थर असतो तोही या माऱ्यात लवकर झिजतो. कोवळ्या करंजाच्या पानावर पाणी टाकले तर थेंब गोल राहून ओघळतो. तेच पान धुळीच्या रस्त्यावर जून झाले की पाणी पसरून चिकटते. मग त्यावर धूळही जास्त बसते, आणि हे वाढत जाते.

आपल्याकडच्या ऋतुचक्राने यात भर घातली आहे. जून ते सप्टेंबर पाऊस पाने धुतो. थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि धूळ-धूर वर जात नाहीत. ऑक्टोबर ते मे थर वाढतच जातो. कडुनिंब, पिंपळ, करंज यांची नवी पालवी नेमकी फाल्गुन-चैत्रात येते, म्हणजे सर्वांत कोवळे पान सर्वांत धुळीच्या हवेत उघडते. झाड सगळी पाने बदलते हा त्याच्यासाठी मोठा आधार आहे, कारण जुना थर पानासकट जातो. म्हणून पानझडीची झाडे हा मार काहीशी सोसतात. वर्षभर तीच पाने सांभाळणाऱ्या झाडांना तो जास्त लागतो. रेन ट्रीच्या पर्णिका (संयुक्त पानाची छोटी पाने) संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात. त्या हालचालीत आणि वाऱ्यात बरीच भरड धूळ झडते. सप्तपर्णीची जाड, चकचकीत, आडवी पसरलेली पाने मात्र ती धरून ठेवतात. तुमच्या रस्त्यावर सप्तपर्णी सर्वांत मळलेली दिसत असेल तर त्याचे कारण हे आहे.

घरी करता येतील अशा काही चाचण्या सांगते. पारदर्शक चिकटपट्टी पानाच्या वरच्या बाजूला दाबून काढा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. खालच्या बाजूचीही तशीच घ्या. मग मागच्या शांत गल्लीतल्या त्याच जातीच्या झाडाची, जमिनीपासून तेवढ्याच उंचीवरची पाने घेऊन शेजारी तशाच पट्ट्या लावा. हा शेजार सर्वांत महत्त्वाचा आहे. एकट्या पानावरून निदान करू नका, मीही करत नाही. पट्टीवर करडी-तांबूस भुकटी आली तर ती माती आणि बांधकामाची धूळ. काळे, बोटाला तेलकट लागणारे आले तर डिझेलची काजळी. ओल्या फडक्याने पुसताना काळा थर पापुद्र्यासारखा सुटून आला तर ती बुरशी आहे. पांढरट कडक कवच निघालेच नाही तर सिमेंट. दवाने ओले होऊन ते पानावरच घट्ट होते. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर मुलांना घेऊन आणखी एक करा: पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळू द्या, चिकटपट्टीने ते सोलून काचेवर ठेवा. रंध्रांचे ठसे स्वच्छ दिसतात आणि कोणती कणांनी भरली आहेत तेही दिसते.

करपलेल्या कडांकडे येऊ. पाणी पानात देठाकडून शिरांवाटे जाते आणि कडेला सर्वांत शेवटी पोचते. पाणी कमी पडले की म्हणून कड आणि टोक आधी वाळते. पाण्यात मीठ जास्त असले तरी तेच होते, कारण क्षार कडेला येऊन साठतात. दुभाजकातल्या झाडांना बोअरचे जड पाणी घातले जाते, तिथे हे नेहमी पाहते. तुमच्या करंजाच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट भिडले आहे का, गेल्या दोन वर्षांत गटार, केबल किंवा मेट्रोसाठी बुंध्याजवळ चर खणला गेला का, हे बघा. चर खणताना एका बाजूची मुळे तुटली असतील तर बहुधा त्याच बाजूच्या फांद्यांची पाने आधी करपतात. हवेमुळे असे एका अंगाने क्वचितच होते. झाले तर रस्त्याकडच्या बाजूला सारखे होते, फांदीगणिक नाही.

सप्तपर्णीच्या गाठी एका बारीक रसशोषक किडीच्या आहेत, पॉरोप्सिला तिचे नाव. पिल्ले पानाच्या आत राहतात आणि भोवती गाठ तयार होते. बागेतल्या, धूळ नसलेल्या सप्तपर्णीवरही त्या येतात. मोठे झाड त्याने मरत नाही, औषध फवारायची गरज नाही. करंजाच्या पानांवरही कोळी गाठी करतो, तोही सोडून द्या. रेन ट्रीकडे मात्र लक्ष द्या. चिकट थेंब आणि काळा थर हे पिठ्या ढेकणाचे लक्षण असू शकते. कीड रस शोषते, गोड चिकटा टाकते आणि त्यावर काळी बुरशी वाढते. मुंबईत पिठ्या ढेकणाने आणि मुळांशी झालेल्या काँक्रीटीकरणाने पुष्कळ जुने रेन ट्री गेले आहेत. फांद्यांवर कापसासारखे पुंजके दिसले तर लगेच उद्यान विभागाला कळवा. धुळीचा आणि किडीचा संबंध असू शकतो: तहानलेले, कमी अन्न बनवणारे झाड किडीला कमी विरोध करते, आणि धुळीत किडींचे शत्रू असलेले छोटे कीटक कमी टिकतात. त्यामुळे ‘प्रदूषणाचा काहीच हात नाही’ असेही मी म्हणणार नाही.

झाडे मरतील का? निव्वळ धुळीने मोठे झाड मरताना मी पाहिलेले नाही. पाने लहान होतात, पालवी विरळ येते, पानगळ वेळेआधी होते, शेंड्याच्या फांद्या वाळू लागतात. हे वर्षानुवर्षे चालते. मग एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा पावसाळी वाऱ्यात झाड जाते आणि पंचनाम्यात कारण ‘वादळ’ असे लिहिले जाते. याची मला फार खंत आहे, कारण त्या झाडाची कमाई दहा वर्षे घटत होती आणि ती वाचवता आली असती.

धुण्याबद्दल. मोठी झाडे टँकरने धुऊ नका. जोराच्या फवाऱ्याने कोवळी पाने फाटतात आणि वरचे मेण आणखी जाते. जड पाणी वाळल्यावर क्षारांचे डाग ठेवते, आणि खालची बाजू, जिथे रंध्रे आहेत, तशीच राहते. कामाचा ट्रक गेला की तासाभरात पुन्हा तेच. दुभाजकातली झुडपे आणि दोन-तीन वर्षांची रोपे पहाटे हलक्या झारीने धुतली तर ठीक. तेच टँकरचे पाणी बुंध्याशी ओतले तर झाडाला कितीतरी जास्त मिळते. धूळ उडते तिथेच दाबायची असते. मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी २७ मुद्द्यांची नियमावली काढली. त्यात पत्र्याचे कुंपण, इमारतीला कापडी आच्छादन, पाणी शिंपडणे, राडारोडा झाकून नेणे हे सगळे आहे. तुमच्या शेजारच्या दोन बांधकामांनी एवढे केले तरी तुमच्या चिकटपट्टीवर महिनाभरात फरक दिसेल.

नवी झाडे निवडताना तुम्हाला ‘प्रदूषण सहनशीलता निर्देशांक’ असलेल्या याद्या मिळतील. हे सूत्र सिंग आणि राव यांनी १९८३ मध्ये मांडले: पानातले ॲस्कॉर्बिक आम्ल गुणिले हरितद्रव्य आणि पानाच्या अर्काचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) यांची बेरीज, त्यात पानातल्या पाण्याची टक्केवारी मिळवायची आणि दहाने भागायचे. समजा आम्ल ५, हरितद्रव्य १.४, सामू ६.१ आणि पाणी ७५ टक्के. पाच गुणिले साडेसात म्हणजे ३७.५, अधिक ७५, एकूण ११२.५, आणि निर्देशांक ११.२५. यातला दोन तृतीयांश वाटा एकट्या पाण्याचा आहे. तेच झाड श्रावणात मोजले आणि वैशाखात मोजले तर आकडा बदलतो. पाणी मिळणारे झाड ‘सहनशील’ ठरते आणि तहानलेले ‘नाजूक’. म्हणून दुसऱ्या शहरातली यादी उचलून इथे लावणे मला पटत नाही. आणखी एक: सहनशील म्हणजे धूळ पकडणारे असे नव्हे. खडबडीत, लवदार पाने जास्त धूळ धरतात, पण ती धरलेली धूळही कायमची जात नाही. वाऱ्याने पुन्हा उडते किंवा पावसाने गटारात जाते. झाडांनी हवा थोडीच स्वच्छ होते. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंचे शेंडे जुळले तर धूर खालीच अडकतो, तिथे अंतर ठेवून, उंच खोडाची झाडे लावावीत.

तुमच्या रस्त्यासाठी माझी पसंती: पदपथ रुंद असेल तर कडुनिंब आणि करंज, मध्यम जागेत बकुळ आणि ताम्हण, आणि कोपऱ्यावर मोकळी जमीन असेल तर एखादा वड किंवा नांद्रुक. नुसती सप्तपर्णीची रांग नको. एकच जात ओळीने लावली की एक कीड सगळी रांग घेते. कॉनोकार्पस लावायला कोणी सांगितले तर नकार द्या, तो हिरवा राहतो एवढाच त्याचा गुण.

एक सूचना याच्याशी जोडूनच. गुढीपाडव्याला रस्त्यावरच्या कडुनिंबाचा पाला तोडून खाल्ला जातो. पालवी नवी असल्याने तिच्यावर थर कमी असतो, पण टायरच्या झिजेतले जस्त आणि ब्रेकमधले तांबे रस्त्याच्या धुळीत असतेच. खाण्यासाठी आतल्या गल्लीतले किंवा सोसायटीतले झाड निवडा आणि पाला दोन पाण्यांत धुऊन घ्या. रस्त्याकडेचा शेवगा, कढीपत्ता यांनाही हेच लागू.

आता अर्ज. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला लिहा, कारण महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली ही जबाबदारी त्यांची आहे. ‘प्रदूषणाने झाडे खराब झाली’ असे लिहिलेत तर कोणी काही करू शकत नाही. प्रत्येक झाडाचा फोटो, बुंध्यापासून काँक्रीटचे अंतर सेंटिमीटरमध्ये, चर कोणत्या बाजूला खणला ते, आणि रेन ट्रीवरच्या पुंजक्यांचा जवळून काढलेला फोटो जोडा. मागणी नेमकी करा: प्रत्येक बुंध्याभोवती एक मीटर मोकळी माती. दिल्लीसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये एवढ्याच अंतराचा आदेश दिला होता, त्याचा उल्लेख करा. ब्लॉक हातानेच काढायला सांगा, ब्रेकरने नाही, नाहीतर वरची मुळे तुटतात. त्या मोकळ्या आळ्यात झाडाचाच वाळलेला पाला पसरवा, तो जाळू देऊ नका. फेब्रुवारी ते मे आठवड्यातून एकदा आळे भरून पाणी द्या. पुढच्या चैत्रात नव्या पानांच्या कडा पाहा. त्या स्वच्छ राहिल्या तर निदान बरोबर होते, आणि तरीही करपल्या तर मातीचा सामू आणि क्षार तपासून घ्या.